आंब्याचा जामीन

सरकारी दप्तरात माझं नाव ‘वृक्षास कुऱ्हाडीने इजा करताना प्रत्यक्ष आढळलेली महिला’ असं नोंदलेलं आहे. झाड माझंच. लावलंही मीच, नऊ वर्षं पाणीही मीच घातलं (आणि नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या शहरात झाडाला पाणी घालणं म्हणजे काय, ते आमच्या गल्लीला विचारा). ते तोडू नये म्हणून घरात दोन वर्षं भांडलेही मीच. तरी दप्तरात आरोपी मी आहे, आणि ते तोडायला ज्यांनी रीतसर अर्ज केला होता, ते आमचे हे नामानिराळे आहेत.

आमच्या ह्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मीही त्यांना सरच म्हणते, कारण ‘अहो’ म्हटलं तर ते ओ देत नाहीत आणि ‘सर’ म्हटलं की झोपेतूनही ‘बस खाली’ म्हणतात.

माझं शिक्षण सोयगावच्या पुढं, आत्याच्या मळ्यात झालं. म्हणजे शाळेत मीही गेले, पण उपयोगाचं जे काही शिकले ते आत्याकडून. मुंग्या अंडी तोंडात धरून भिंत चढायला लागल्या की वाळवण आत घ्यायचं. चिमण्या धुळीत लोळल्या की पाऊस जवळ आला. कावळ्यानं बाभळीवर घरटं बांधलं तर साल कोरडं जाणार, आंब्यावर बांधलं तर भरपूर. टिटवीची अंडी चार असली तर पावसाचे चारही महिने चांगले. नक्षत्राचं वाहन बेडूक किंवा म्हैस असेल तर छत्री दुरुस्त करून घ्यायची, कोल्हा असेल तर माळ्यावर टाकायची.

सरांचं सगळं शहाणपण मोबाईलमध्ये आहे. त्यात एक हवामानाचं ॲप आहे. ते तासातासाला सांगतं, आता ढग येतील, आता वारा सुटेल. सर ते सकाळी चहाच्या आधी मोठ्यानं वाचतात आणि मग माझ्याकडं बघतात. मी भिंतीकडं बघते. भिंतीवर मुंग्या असतात.

रोजची भांडणं नकोत म्हणून पुण्याहून आमच्या निखिलनं तोडगा काढला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्याचा अंदाज खरा ठरेल त्यानं आपल्या पेनानं खूण करायची. सरांचं पेन निळं, माझं लाल. भांडणं थांबतील असं त्या लेकराला वाटलं होतं. झालं असं, की पूर्वी आम्ही फक्त पावसावर भांडायचो, आता पाऊस पडला की नाही यावर भांडायला लागलो. “चार थेंब म्हणजे पाऊस नसतो,” सर म्हणायचे. “तुमचा शर्ट ओला झाला का नाय, तेवढं सांगा,” मी म्हणायचे. एका भाद्रपदात तर एकाच चौकोनात लाल खूणही आहे आणि निळीही, आणि त्यावर निखिलनं गणपतीला आल्यावर पेन्सिलीनं ‘दोघांनाही नमस्कार’ असं लिहिलेलं आहे.

आता बोटाचं सांगते, कारण पुढं ते लागणार आहे.

कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवायचं नाही. काकडी असो, दोडका असो, कैरी असो. बोट दाखवलं की फळ सडतं नाहीतर गळतं. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून दाखवायचं. हे मी आमच्या अख्ख्या गल्लीला शिकवलं आहे. वीजमीटर बघायला येणारा माणूससुद्धा आमच्या दारात शिरला की आधी हाताची मूठ करतो. सरांनी मात्र प्रयोग करायचा ठरवला. वेलावरच्या तीन दोडक्यांना त्यांनी आठवडाभर रोज सकाळी, शाळेत फळ्याकडं दाखवायचे तसं बोट दाखवलं. एक दोडका सडला, दोन वाढले. सर म्हणाले, “सदुसष्ट टक्के दोडके सुखरूप.” मी म्हटलं, “घरातली तीन माणसं दवाखान्यात गेली आणि एक परत आलं नाही, तर तुम्ही असंच म्हणाल का?” त्या दिवशी त्यांनी दोडक्याची भाजी खाल्ली नाही.

तर असा आमचा सुखाचा संसार चाललेला असताना निखिलनं गच्चीवर सोलर बसवून दिलं.

सोलरबरोबर सरांच्या मोबाईलमध्ये आणखी एक ॲप आलं. किती वीज तयार झाली त्याची त्यात एक रेघ दिसते. सकाळी रेघ वर चढते, दुपारी टेकडी होते आणि दोन वाजले की धाडकन खाली. कारण दोन वाजता ऊन पश्चिमेला कलतं आणि पश्चिमेला माझा आंबा आहे. सर ती पडलेली रेघ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागले. दूधवाल्यालाही दाखवली. तो बिचारा म्हणाला, “सर, डॉक्टरला दाखवा.”

मग एका रविवारी, निखिल व्हिडिओ कॉलवर असताना, विषय निघाला.

“आई, झाड फळ तर देत नाही ना? मग सावलीशिवाय त्याचा उपयोग काय?” निखिल म्हणाला.

“तू पस्तीस वर्षांचा झालास,” मी म्हटलं. “तुझा उपयोग विचारला का मी कधी?”

पण खरी गोष्ट वेगळीच होती. आत्याच्या बांधावर एक आंबा होता. त्याचं नाव ‘गूळपोळ्या’. रस्ता रुंद झाला तेव्हा तो गेला, आणि पुढच्याच वर्षी आत्या गेली. त्या झाडाच्या शेवटच्या वर्षीचा एक आंबा तिनं मला पदरात बांधून दिला होता. त्याची कोय मी इथं लावली. नऊ वर्षांत त्याला एक मोहोर आलेला नाही. त्याचं फळ गूळपोळ्यासारखंच लागतं का, एवढं एकदा जिभेवर ठेवून बघायचं होतं मला. हे मी निखिलला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं ऑनलाईन आंबे पाठवले असते.

दोन वर्षं असं भांडून शेवटी तह झाला. येत्या मोसमात मोहोर आला तर झाड राहील आणि सोलरची पाटी पाण्याच्या टाकीकडं सरकेल. नाही आला तर झाड जाईल. सरांनी हे वहीत लिहून खाली सही केली. मीही केली, लाल पेनानं.

न फळणाऱ्या झाडावर आत्याकडं एक रामबाण उपाय होता. त्याला आमच्याकडं भेव घालणं म्हणतात. दिवाळीनंतरच्या अमावस्येला सकाळी कुऱ्हाड घेऊन झाडापुढं उभं राहायचं. त्याला खडसवायचं, की इतकी वर्षं फुकट जागा अडवलीस, आज तुला तोडते. मग सालीवर तीन हलके घाव घालायचे. तिसऱ्या घावानंतर दुसऱ्या माणसानं धावत येऊन हात धरायचा आणि म्हणायचं, “सोडा, ह्या साली चुकलं त्याचं. पुढच्या सालाला देईल. मी जामीन.” झाड हे सगळं ऐकतं, घाबरतं आणि जामीनदाराची लाज राखायला मोहोर धरतं.

याचे तीन नियम. जामीन घरचा नसावा, नाहीतर मिलीभगत आहे हे झाडाला कळतं. झाडाला ऐकू जाईल असं कुणी ‘हे खोटं खोटं आहे’ म्हणायचं नाही. आणि तिसरा नियम असा, की जामीन आला नाही तर झाड खरंच तोडावं लागतं. फुसकी धमकी ऐकलेलं झाड पुन्हा जन्मात कुणाला भीत नाही. तिसऱ्या नियमाकडं मी जरा दुर्लक्षच केलं. जामीन न यायला काय झालं, असं वाटलं.

जामीन म्हणून मी शेजारच्या कादरभाईंना धरलं. कादरभाई कोर्टात चौतीस वर्षं कारकून होते. सज्जन माणूस, शब्दाला पक्का. आमची भिंत एक, आणि माझ्या आंब्याच्या अर्ध्या फांद्या त्यांच्याच अंगणात. झाडाच्या नात्यातलेच म्हणा ना. मी त्यांच्या बैठकीत जाऊन, दार लावून, हळू आवाजात सगळं समजावलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हौ भाभी,” ते म्हणाले. “मेरेकू बस इतनाच बोलना है?”

“इतकंच. पण मनापासून.”

“हौ हौ,” ते म्हणाले. पण त्या ‘हौ’मध्ये जोर नव्हता. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

अमावस्येच्या सकाळी साडेसातला मी माळ्यावरची कुऱ्हाड काढली. सर आत दात घासत होते. मी पदर खोचला आणि आंब्यापुढं उभी राहिले. भिंतीपलीकडं कादरभाई चहाचा कप घेऊन तयार होते. आता आत्याकडं ही बोलणी फार खणखणीत असायची. मी सुरुवात जरा दबकत केली, पण मग नऊ वर्षांचं सगळं आठवलं आणि आपोआप आवाज चढला.

“नऊ सालं झाली! रांगेत उभं राहून तुला पाणी पाजलं. माझी कपडे धुवायची बादली तुला ओतली. पाहुण्यांला अर्धा तांब्या दिला आणि तुला आख्खा. आणि तू काय दिलंस? पाला! आज तुला ठेवत नाय मी!”

समोरच्या घराची खिडकी उघडली. मी पहिला घाव घातला. हलका घालायचा होता, पण भाषणाचा जोर हातात उतरला होता. कुऱ्हाड सालीत रुतून बसली. पाय लावून ती उपसली. दुसरा घाव. तिसरा घाव. आणि मी हात वर धरून थांबले.

कोणी आलं नाही.

मी खोकले. भिंतीकडं बघितलं. कादरभाई जागेवरच होते. त्यांनी कप भिंतीवर ठेवला आणि घसा साफ केला.

“भाभी, एक सवाल है.”

“आत्ता?” मी दातओठ खात विचारलं.

“अगले साल बी नहीं आया, तो?”

“तो नहीं आया!”

“फिर जामीन की जिम्मेदारी क्या रहेगी?” कादरभाई खरोखर घामेजले होते. “देखो भाभी, रातभर सोच्या मैं. चौतीस साल कोर्ट में बैठ्या. जामीन रहनेवालों के हाल देखे मैंने. सगे साले का जामीन नहीं रह्या, आज तक वो बात नहीं करता. इस झाड का तो एक फल बी नहीं देख्या मैंने. मैं इसके वास्ते जबान कैसी देऊं?”

“अहो, नुसतं म्हणायचंय,” असं माझ्या ओठावर आलं होतं. पण ते म्हणता येईना, कारण झाड ऐकत होतं. मी नुसतीच डोळे मोठे करून त्यांच्याकडं बघत राहिले.

“और सच पूछो,” कादरभाई खालच्या आवाजात म्हणाले, “पत्ते पूरे मेरे आंगन में गिरते.”

जामीन म्हणून बोलावलेला माणूस फिर्यादीच्या बाजूनं गेला होता. एवढ्यात तोंडात ब्रश धरून सर बाहेर आले. त्यांनी मला बघितलं, कुऱ्हाड बघितली, सालीवरचे घाव बघितले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता असा आनंद पसरला.

“अगं, तूच सुरू केलंस?” ते फेसातून म्हणाले. “मला माहीत होतं, तू शेवटी विचार करणारी बाई आहेस.”

आता माझी अवस्था बघा. ‘मी तोडत नाहीये’ म्हटलं तर झाडाला कळणार. ‘मी तोडतेय’ म्हटलं तर सर मदतीला येणार. ते आलेच. ब्रश खिशात घालून बाह्या वर करत म्हणाले, “थांब, तुझी पकड चुकतेय. कोन पंचेचाळीस अंशाचा हवा.”

“हात लावू नका!” मी ओरडले. “माझं झाड हाय. तोडायचं तर मीच तोडीन!”

आणि बरोबर ह्या वाक्याला फाटक वाजलं.

फाटकात एक तरुण मुलगी उभी होती. खांद्याला पिशवी, हातात कागदांची पाटी, गळ्यात ओळखपत्र. ती उद्यान खात्याकडून झाडाची पाहणी करायला आली होती. कशासाठी, ते मला कळेना. सरांना मात्र लगेच कळलं, कारण त्यांचा रंग उडाला. तह झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ह्या गृहस्थांनी मला न सांगता झाड तोडायच्या परवानगीचा अर्ज टाकला होता. (“सरकारी कामाला वेळ लागतो म्हणून नुसता नंबर लावून ठेवला,” असं ते नंतर म्हणाले. वहीतल्या सहीची शाई वाळली नव्हती.)

“काय चाललंय इथं?” मॅडमनी विचारलं. “झाड तोडताय तुम्ही?”

मी सरांकडं बघितलं. मग झाडाकडं बघितलं. झाडाचं एक पानही हलत नव्हतं; कान देऊन ऐकत होतं मेलं.

“हो,” मी मोठ्यानं म्हणाले. “तोडतेय.”

“परवानगी आहे?”

“नाय. लागत बी नाय. झाड माझं, कुऱ्हाड माझी.”

“अहो मॅडम, असं नाहीये,” सर काकुळतीला आले. “ही झाड वाचवणारी आहे. तोडायचंय मला! म्हणजे मलाही रीतसर... ती फार प्रेम करते हो या झाडावर!”

मॅडमनी माझ्या हातातल्या कुऱ्हाडीकडं बघितलं. मग भिंतीकडं वळून विचारलं, “काका, तुम्ही शेजारी ना? तुम्ही काय बघितलं?”

आयुष्यभर कोर्टात काढलेल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. कादरभाई ताठ उभे राहिले. “तीन वार,” ते म्हणाले. “पहला गहरा. उसके पहले धमकी दिये. बोले, आज तुला ठेवत नाय.”

मॅडम लिहायला लागल्या. मी कुऱ्हाड खाली टाकली, त्यांचा हात धरला आणि त्यांना ओढतच स्वयंपाकघरात नेलं. दार लावलं, खिडकी लावली. झाडाकडची एक्झॉस्ट फॅनची फट होती, तिच्यात फडकं कोंबलं. मॅडम आता पुरत्या घाबरल्या होत्या.

“पोरी,” मी कुजबुजले, “मी तोडत नव्हते गं. भेव घालत होते.”

तिच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू गेली. तिनं पाटी ओट्यावर ठेवली. आत्तापर्यंतची तिची ऑफिसची भाषाही तिथंच राहिली.

“काकू, अमावस्या हाय व्हय आज?” ती म्हणाली. “मी फर्दापूरकडची. आमचे आबा चिंचेला करायचे हे. मग जामीन कुठंय?”

“तो काय, भिंतीपलीकडं चहा पीत उभाय. पलटला.”

“आन तुम्ही तीन घाव घालून बसल्या?” तिनं कपाळाला हात लावला. “आता तर तोडावं लागंल.”

“लागंल,” मी म्हणाले, आणि मला रडू आलं. अगदी खरं रडू. गूळपोळ्याचं, आत्याचं, माझ्या मूर्खपणाचं, सगळं एकदमच आलं. मी तिला कोयीची गोष्ट सांगितली. जी मी घरात कुणाला सांगितली नव्हती, ती एका अनोळखी पोरीला, फोडणीच्या डब्याशेजारी उभी राहून सांगितली.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “चला. कुऱ्हाड उचला परत.”

आम्ही बाहेर आलो. मी कुऱ्हाड उगारली. सर “अगं, अगं” करत मागं सरले. आणि ती पोर फाटकापर्यंत मागं गेली, तिथून धावत आली, माझं मनगट घट्ट धरलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सोडा काकू! ह्या साली चुकलं त्याचं! पुढच्या सालाला देईल. मी जामीन!”

समोरच्या खिडकीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मग ती शांतपणे आत गेली, ओट्यावरची पाटी आणली, झाडाचा घेर मोजला, सालीवर हात फिरवला आणि सरांना म्हणाली, “झाड निरोगी आहे. तोडायची परवानगी मिळणार नाही, सर. तसं लिहिते मी.” तिला ओवाळायचंच काय ते बाकी होतं. तेवढ्यात ती म्हणाली, “आणि काकूंचंही लिहावं लागेल.”

“माझं काय?”

“कुऱ्हाडीसह प्रत्यक्ष आढळल्या, तोडण्याचा इरादा तोंडी कबूल केला.”

“अगं, पण तुला तर माहितीय ना,” मी झाडाकडं बघत आवाज खाली आणला.

तिनंही आवाज खाली आणला. “काकू, मी नाय लिहिलं, तर सगळं खोटं हुतं हे त्याला कळंल ना.”

तो माझाच नियम होता.

पंधरा दिवसांनी कागद आला. माझ्या नावावर समज होती: सदर वृक्षास पुन्हा इजा करू नये व त्याची निगा राखावी. सरांनी तो कागद शहागंजातल्या दुकानातून फ्रेम करून आणला आणि कॅलेंडरच्या शेजारी टांगला. पाहुणे आले की पूर्वी ते पडलेली रेघ दाखवायचे, आता फ्रेम दाखवायला लागले. “आमच्या घरात पर्यावरणाला खरा धोका कुणापासून आहे, बघा,” असं म्हणायचे. मी चहात साखर कमी घालायला सुरुवात केली.

पण पौषात आंब्याला मोहोर आला.

असा आला, की पानं दिसेनात. मी लाल पेन घेऊन कॅलेंडरकडं निघाले, तर सर आडवे आले. “याला शास्त्रीय कारण आहे,” म्हणाले. “सालीला जखम झाली की अन्नरस वरच अडकतो आणि झाड मोहोर धरतं. तुझ्या पहिल्या घावानं ते झालं.”

“म्हणजे घाबरलं,” मी म्हटलं.

“घाबरलं नाही. ताण आला.”

“तुमच्या विद्यार्थ्यांना ताण यायचा, तेव्हा ते काय करायचे?”

सर बाजूला झाले. मी त्या आठवड्याच्या सगळ्या चौकोनांत लाल खुणा केल्या.

तहाप्रमाणं सोलरची पाटी टाकीकडं सरकली. मोहोर बराचसा गळाला, पण चैत्रापर्यंत अकरा कैऱ्या धरल्या. अकराही मला तोंडपाठ होत्या. पहिला पिकलेला आंबा जामीनदाराचा, असा रिवाज आहे, म्हणून सर्वांत मोठी कैरी मी मॅडमच्या नावानं मनातल्या मनात राखून ठेवली होती. दुसरी माझी. ती मी आत्याला आठवून खाणार होते.

आणि एका शनिवारी सकाळी सरांनी चहाआधी वाचलं, “दुपारी चारनंतर वादळी वारे. गारांची शक्यता. कैऱ्या आजच उतरवून घे.”

मी भिंत बघितली. मुंग्या आपापल्या कामाला, एकीच्याही तोंडात अंडं नाही. अंगणात धूळ होती, पण चिमण्या तारेवर कोरड्या बसल्या होत्या. “काही येत नाय,” मी म्हणाले. “अजून पाड लागायचाय. कच्च्या उतरवणार नाय.”

“अगं, गारा म्हणतंय ते.”

“त्याला म्हणू द्या. त्यानं कधी झाड लावलंय का?”

तीन वाजता निखिलचा व्हिडिओ कॉल आला. “दाखव ना आई, तुझ्या कैऱ्या,” तो म्हणाला. आणि नऊ वर्षं आणि दोन वर्षांची भांडणं आणि एक सरकारी समज एवढं सगळं सोसून त्या कैऱ्या माझ्या डोक्यावर लटकत होत्या. माझी छाती फुगली. मी मोबाईल वर धरला आणि मोजायला लागले. “ही बघ एक. ही दोन. ही तीन, मॅडमची. ती पानाआड चौथी...” अकरापर्यंत मोजलं. निखिल म्हणाला, “आई, बोट.”

मी माझ्या हाताकडं बघितलं. बोट सरळ होतं. छडीसारखं.

चार वाजून दहा मिनिटांनी वारा सुटला. पत्रे वाजले, कादरभाईंची खुर्ची आमच्या अंगणात आली, मग गारा आल्या. वीस मिनिटांत सगळं संपलं. मी बाहेर गेले. झाड उभं होतं, खोडावरच्या तीन खुणांसकट. अंगणात दहा कैऱ्या पडल्या होत्या. अकरावी कादरभाई भिंतीवरून ताटलीत घालून घेऊन आले. “भाभी,” ते मान खाली घालून म्हणाले, “फल देख्या मैंने. अगले साल का जामीन मैं.”

मी ताटली हातात घेतली. मोठी कैरी पदरानं पुसून मॅडमसाठी बाजूला ठेवली (तिचं लोणचं घालून सोमवारी डबा पोचवला). आणि दुसरी लगेच आत ओट्यावर फोडून चाखली. आंबट जहर. पण सालीजवळ, अगदी सालीजवळ, वास होता. गूळपोळ्याचाच. तेवढ्यावर मी पुढचं वर्ष काढीन.

वळून बघते तर सर कॅलेंडरपाशी उभे. हातात निळं पेन. शनिवारच्या चौकोनावर पेन टेकलेलं होतं.

“थांबा,” मी म्हणाले.

“काय थांबा? चारनंतर वारा म्हणालं होतं ॲप. वारा आला. कैऱ्या पडल्या.”

“वाऱ्यानं नाय पडल्या.”

“मग?”

“मी बोट दाखवलं,” मी म्हणाले. “सरळ. अकराच्या अकरांना. निखिल साक्षीला आहे. मीच पाडल्या.”

मी सरांच्या हातातलं निळं पेन काढून घेतलं आणि माझं लाल उचलून शनिवारच्या चौकोनात लाल खूण केली, चांगली ठसठशीत. तेव्हापासून त्या झाडाच्या बाबतीत माझ्या नावावर दोन गुन्हे आहेत. पहिला सरकारनं नोंदवला. दुसरा मी स्वतः, लाल पेनानं. आणि सरांनी आता त्यासाठीही एक फ्रेम आणून ठेवली आहे, फक्त वर्ष संपून कॅलेंडर उतरायची वाट बघताहेत.